ड्रायव्हरचा डोळा

शौकतभाईंच्या घरातलं बोलणं दखनी; पण शौकतभाई रागावले किंवा घाबरले की त्यांची जीभ आपोआप मराठीवर यायची. सव्वीस वर्षं बस चालवली ती मराठी मुलखात, शिव्या खाल्ल्या त्या मराठीत आणि परतफेडही त्याच भाषेत केली, तेव्हा संकटाची भाषा म्हणून मराठीच डोक्यात बसली होती. गेले नऊ दिवस त्यांच्या तोंडून दखनीचा एक शब्द निघाला नव्हता. निघायचं ते एकच वाक्य. जेवताना, नमाजाआधी वजू करताना, दाराशी कुणी आलं की त्यानं काही विचारायच्या आत: "मला दिसलंच नाय."

त्यांची थोरली लेक महेजबीन हे वाक्य ऐकून ऐकून वेडी व्हायच्या बेतात होती. ती शहरातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवायची, आणि शिकवायची काय, तर रस्ते. वळण किती तीव्र असावं, चढ किती असावा, आणि वळणावर ड्रायव्हरला पुढचं किती लांबून दिसलं पाहिजे. सहा वर्षं ती फळ्यावर हेच काढत होती. आणि ज्याच्या कमाईवर ती हे सगळं शिकली, तोच माणूस आता कॉटवर बसून म्हणत होता की वळणावर मला दिसलंच नाही. नशीब थट्टा करतं तेव्हा माणूस बघून करतं.

झालं होतं ते असं. शौकतभाई एका कॉलेजची बस चालवायचे. सकाळी शहरातून रिकामी बस काढायची आणि कन्नड तालुक्याच्या बाजूची पोरं गोळा करत परत यायचं, हा रोजचा रिवाज. देवगाव रंगारी मागं टाकलं की थोड्या वेळानं रस्ता डावीकडं वळतो. वळणाच्या आतल्या अंगाला, म्हणजे डाव्या हाताला, शेताच्या बांधावर सुबाभळीची दाट रांग आहे. त्या दिवशी वळण संपता संपता बन्सी नावाच्या शेतकऱ्याची मक्यानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, आणि बन्सी चाकापाशी उकिडवा बसून नट ढिले करत होता. शौकतभाईंनी ब्रेक मारला, पण उशिरा. बस ट्रॉलीवर आदळली, ट्रॉली सरकली आणि बन्सीचा डावा पाय तिच्या चाकाखाली गेला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात तो गुडघ्याखालून काढावा लागला. बसमध्ये अजून एकही पोरगं चढलेलं नव्हतं, एवढीच काय ती मेहरबानी.

पोलिसांनी पंचनामा केला. ट्रॉली जागेवरच होती, म्हणून साहेबांनी जीपमध्ये बसून वळण दोनदा घेऊन पाहिलं. दोन्ही वेळा ट्रॉली लांबूनच दिसली. गावातल्या मोटारसायकलवाल्यांनीही तेच सांगितलं, की आंधळ्यालाही दिसावं इतकं साफ दिसतं. मग निकाल लागायला कितीसा वेळ लागतो? कुणी म्हणालं ड्रायव्हर डुलकी घेत होता, कुणी म्हणालं मोबाईल बघत होता. शौकतभाईंचा मोबाईल बटणांचा होता आणि त्यात बघण्यासारखं घड्याळाशिवाय काही नव्हतं, पण हे ऐकायला कोण बसलंय.

येत्या बुधवारी त्यांना ठाण्यात जबाब द्यायचा होता. दिसत असूनही ब्रेक मारला नाही असं ठरलं, तर हलगर्जीपणाचा खटला उभा राहणार, लायसन्स जाणार, पुन्हा स्टिअरिंगला हात लागणार नाही. महेजबीनची अम्मी, सगीराबी, या काळजीनं अर्धी झाली होती. शौकतभाईंची धास्ती मात्र निराळी होती, आणि ती त्यांनी शनिवारी लेकीजवळ बोलून दाखवली.

"बेटा, तू एकदा जाऊन बघ. मोजून बघ तुझ्या पद्धतीनं. दिसत नसंल तर सवालच नाय. पण दिसत असंल तर..." त्यांनी लेकीकडं पाहिलं. "तर मंग मी काय करत व्हतो, ते तरी मला कळंल."

महेजबीनला मनातून वाटत होतं की अब्बा खोटं बोलत नाहीत. या माणसानं आयुष्यात एकदाच खोटं बोललेलं तिला आठवत होतं, तेही ती दहावीत पास होण्याआधीच शेजाऱ्यांना पास झाली म्हणून सांगितलं तेव्हा. पण पोलीस, गाव, मोटारसायकलवाले हे सगळे मिळून खोटं कशाला बोलतील? तिला काही उलगडेना. हातच्या कांकणाला आरसा कशाला, आपणच मोजू, असं म्हणून रविवारी सकाळी ती सामान घेऊन निघाली. सोबत तिच्याच विभागातला विश्वजीत नावाचा सहकारी होता. त्याची मारुती होती आणि रविवारी त्याला दुसरं काही काम नसायचं.

मोजायची रीत सोपी आहे. पुस्तक सांगतं की ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून एक मीटर वीस सेंटीमीटरवर धरायचा, आणि पुढची वस्तू धरायची रस्त्यापासून पंधरा सेंटीमीटर उंचीची. म्हणून एकानं एक मीटर वीसच्या काठीला डोळा लावून मागं मागं सरकायचं, आणि दुसऱ्यानं एक रंगवलेला ठोकळा रस्त्यावर ठेवून तिथं उभं राहायचं. ठोकळा दिसेनासा झाला की थांबायचं आणि टेप ओढायची. महेजबीननं ठोकळा ठेवला तो बरोबर ट्रॉलीच्या जागी. डांबरावर काचेचा चुरा अजून पडला होता आणि खडूचा चौकोन अर्धा पुसला होता. पण इथं ती लेक नव्हती, वर्गातली शेख मॅडम होती. तिनं ठोकळा सरळ केला.

विश्वजीत गुडघ्यात वाकून, एक डोळा मिटून, खेकड्यासारखा मागं मागं गेला. बराच मागं गेला. महेजबीनच्या मनात येत होतं, थांब, आता तरी थांब. तो थांबला तेव्हा टेपवर आकडा आला अठ्ठ्याऐंशी मीटर.

"परत," ती म्हणाली.

परत सत्त्याऐंशी आले. मग जागा बदलून ती स्वतः वाकली, आणि पुन्हा अठ्ठ्याऐंशी. विश्वजीत पाठ धरून उभा राहिला, कण्हला आणि थेट गाडीत जाऊन बसला. महेजबीन पायात पाय अडकल्यासारखी तिथंच उभी राहिली. बसचा वेग पन्नासच्या आसपास होता, हे अब्बाही सांगत होते आणि बसमधल्या यंत्रातही तेच होतं. पन्नासच्या वेगाला गाडी थांबायला साठ मीटर पुरतात. अठ्ठ्याऐंशी मीटरवरून दिसलं असतं तर बस ट्रॉलीच्या कितीतरी अलीकडं उभी राहिली असती आणि बन्सीनं आरामात चाक बदललं असतं. मात्र ब्रेकचे काळे पट्टे सुरू होत होते ट्रॉलीच्या फक्त सोळा मीटर अलीकडं. म्हणजे मधल्या अंतरात अब्बा कुठं होते?

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," परतीच्या वाटेवर विश्वजीत म्हणाला. "पण तुमचे अब्बा थकलेले असतील. वय झालंय."

"चोपन्न म्हणजे वय होतं का?"

"नाही, तसं नाही..." आणि त्यानं गिअर बदलला. महेजबीनला त्याचा राग आला, मग आपलाच आला, मग कुणाचा आला तेच समजेना.

घरी शौकतभाई दारातच उभे होते. सगीराबींनी चहा टाकला आणि तिघं बसली. महेजबीननं आकडा सांगितला. कसा मोजला तेही सांगितलं, काठी कितीची, ठोकळा कितीचा. शौकतभाईंनी सगळं मन लावून ऐकलं.

"पर बेटा, तुजी काठी तर माज्या छातीएवढी. मी तर लई वर बसतो ना?"

इथं थोडं थांबायला हवं. कारण पुढं जे काही झालं ते याच प्रश्नाच्या उत्तरातून झालं. महेजबीन हुशार होती, पहिल्या श्रेणीत पास झालेली होती, आणि पुस्तकातलं एक वाक्य तिला पाठ होतं: बस आणि ट्रकवाल्यांचा डोळा उंच असतो, त्यांना मोटारवाल्यापेक्षा जास्त लांबचं दिसतं. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. प्रश्न पुरता कानात जायच्या आत उत्तर तोंडातून बाहेर.

"मग तर तुम्हाला अजून चांगलं दिसायला पाहिजे, अब्बा."

शौकतभाईंनी कप खाली ठेवला. "तीनदा मोजलं म्हन्तीस?"

"तीनदा."

"मंग दिसलं असंल," ते म्हणाले. सगीराबी एकदम उठून आत गेल्या. महेजबीनला वाटलं की अब्बांनी भांडायला हवं होतं, तिच्यावर ओरडायला हवं होतं. पण ते नुसते मान हलवत बसले, एखादा हिशेब लागला अशी. त्या संध्याकाळपासून त्यांनी ते नऊ दिवसांचं वाक्य म्हणणं बंद केलं. घरातल्यांना आधी बरं वाटलं.

मंगळवारी ते म्हणाले, बन्सीला भेटून येऊ. महेजबीनही सोबत गेली. घाटीतल्या वॉर्डात बन्सी उशाला टेकून बसला होता आणि त्याची बायको लक्ष्मीबाई त्याला भाकरी कुस्करून देत होती. लक्ष्मीबाईनं यांना पाहून तोंड फिरवलं, पण बन्सीनं स्टूल दाखवलं. पाय गेला तरी माणसाची माणुसकी जात नाही, निदान सगळ्यांची जात नाही. शौकतभाई हात जोडून उभेच राहिले.

"बसा हो, भाईजान. बसा." बन्सी म्हणाला. "मला बी एकच कळंना गेलंय. तुमची गाडी मला दिसत व्हती. लांबूनच. मी खाली बसल्यालो, टोपी पडली ती उचलाया वाकलो अन् मान वर केली, तर सुबाभळीखालून बसची चाकं दिसली. चाकं फिरत येत व्हती. म्हन्लं, आपल्याला दिसतंय म्हंजी ड्रायवरला बी दिसतंय. म्हनून मी उठलोच नाय."

"फक्त चाकं?" महेजबीननं विचारलं. विचारलं खरं, पण सवयीनं. वर्गात पोरांना विचारतात तसं.

"चाकंच की, ताई. बाकीची बस कशाला बघतोय मी?"

रिक्षात बसल्यावर शौकतभाई घाटीच्या फाटकाकडं मागं वळून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "व्हय. टोपी नव्हती डोक्यावर त्याच्या." महेजबीन रिक्षाबाहेर बघत होती. तिच्या डोक्यात चाकं फिरत होती आणि अठ्ठ्याऐंशी वजा सोळा फिरत होतं. बापाच्या या वाक्याकडं तिचं लक्षच गेलं नाही.

बुधवारी सकाळी तिचा पहिलाच तास नेमका त्याच धड्यावर होता. फळ्यावर तिनं वळण काढलं, मोटार काढली, मोटारीतला डोळा काढला आणि लिहिलं एक मीटर वीस. मागच्या बाकावरची अमृता नावाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, माझे पप्पा ट्रक चालवतात. ते पण एक मीटर वीसच का?" वर्ग हसला. महेजबीननं तेच पाठ केलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती थबकली. उत्तर चुकीचं आहे असं तिला वाटलं नाही. अजून तिला काहीच उमगलं नव्हतं. फक्त तीन दिवसांपूर्वी हेच उत्तर दिल्यावर अब्बांनी कप खाली ठेवला होता, तो आवाज तिच्या कानात आला. तिनं खडू ठेवला, प्राचार्यांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि थेट कन्नडची एसटी पकडली. का पकडली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुढच्या काचेजवळची सीट रिकामी होती. देवगाव रंगारी गेलं, वळण आलं, आणि महेजबीन पुढं वाकून पाहू लागली. समोर हिरवं होतं. नुसतं हिरवं. सुबाभळीचा पाला काचेच्या डाव्या बाजूपासून वळणाच्या पोटापर्यंत गच्च भरला होता, आणि त्याच्या पलीकडं रस्ता आहे की विहीर आहे काही सांगता येत नव्हतं. एसटीच्या ड्रायव्हरनं रोजच्या सवयीनं लांबलचक हॉर्न दिला. मग अचानक पाला सरला आणि खडूचा चौकोन अगदी पुढ्यात आला. तिनं किंकाळी मारली. कंडक्टरनं विचारलं काय झालं, तर म्हणाली उतरायचंय.

ती पळतच मागं आली. रस्त्यावर उभी राहून पाहिलं, तर सगळं साफ! सुबाभळीखालून पलीकडचा डांबराचा पट्टा, चौकोन, काचा, सगळं दिसत होतं. तिनं डोळे चोळले. आपल्याला काही झालंय की या वळणाला काही झालंय?

बांधावर एक म्हातारी बाई शेळ्या चारत होती. तिची सातआठ शेरडं मागच्या पायांवर ताठ उभी राहून, पुढचे पाय बुंध्याला टेकवून, माना ताणून पाला ओरबाडत होती. महेजबीन त्यांच्याकडं बघतच राहिली. झाडांचा खालचा भाग पार खराटा झाला होता. पान म्हणून नव्हतं. आणि साधारण सहा फुटांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावून कापावा तसा एका रेषेत पाला सुरू होत होता.

"मावशी, ही झाडं खालून कुणी छाटली?"

"कोन छाटतंय, बाई? माजी शेरडं हायती ना." म्हातारीचं नाव सत्यभामा, तिनं ते न विचारताच सांगितलं आणि सोबत गावाचंही सांगितलं. "तोंड पुरंल तिथवर खात्यात. त्याच्या वरचं कोन खानार? उंट हाय का आमच्या गावात?"

महेजबीन रस्त्याखालच्या जवळच्या मोरीच्या कठड्यावर चढली. पाच फुटांची ती, कठड्यावर उभी राहिल्यावर तिचा डोळा गेला आठ फुटांवर. आणि खालून साफ दिसणारा सगळा रस्ता एका क्षणात पाल्याआड गेला. ती खाली उतरली, तर रस्ता आला. पुन्हा चढली, तर गेला. शेळ्यांनी खाल्लेल्या पट्ट्यातून जीपवाल्यांना दिसत होतं, मोटारसायकलवाल्यांना दिसत होतं, विश्वजीतच्या काठीला दिसत होतं आणि उकिडव्या बसलेल्या बन्सीला चाकांपुरतं दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त आठ फुटांवर बसलेल्या माणसाला. पुस्तकातलं उंच डोळ्याचं वाक्य खोटं नव्हतं. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं सत्यभामेची शेरडं कुठं पाहिली होती!

तिला रडूही आलं आणि हसूही आलं. सव्वीस वर्षं ज्याच्या बसच्या आवाजावर ती घरात दार उघडायला धावली, त्या बापाचा डोळा किती उंचीवर असतो हे तिनं कधी मोजलं नव्हतं. आणि बाकी जगाला सांगत फिरत होती एक मीटर वीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. सत्यभामेनं तिला पाणी दिलं आणि बिचारीला ऊन लागलं असं समजून सावलीत बसवलं.

अब्बांचा फोन बंद होता. तिनं अम्मीला लावला.

"वो तो सुबहइच गए," सगीराबी म्हणाल्या. "इस्त्री के कपडे पहनके. जबाब देके आए भी."

"काय जबाब दिला, अम्मी?"

"बोले, दिख रहा था. मेरी गलती है. मैं बोली, आप तो नहीं दिखा बोलते थे? तो बोले, बेटी तीन बार नापी है, वो क्या झूठ बोलेगी?"

महेजबीनच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. पण ती हिंमत सोडणारी नव्हती. जबाब काय, दुरुस्त होतो. संध्याकाळी तिनं इंद्रजीत नावाच्या वकिलांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून सांगितलं की मोजमाप चांगलं आहे, फोटो काढा, पुरवणी जबाब देता येईल. अट एकच. शौकतभाईंनी स्वतः, स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं की मला दिसलं नाही. त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी सांगून चालणार नाही.

तेवढंच ना, असं महेजबीनला वाटलं. नऊ दिवस तर ते दुसरं काही बोललेच नव्हते.

घरी येऊन तिनं जेवणाच्या चटईवर पेले मांडले, चमचे मांडले, कोथिंबिरीची जुडी उभी केली आणि शेळ्यांचा सगळा किस्सा सांगितला. आपली चूक झाली हेही सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. शौकतभाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तू कशाला रडतेस, म्हणाले. तुझी काही चूक नाही.

"मग परवा पुरवणी जबाब देऊ या, अब्बा. तुम्ही फक्त आधीचंच सांगायचं. दिसलं नाही म्हणून."

"पर दिसलं ना, बेटा."

महेजबीनला वाटलं, अब्बा बन्सीसाठी करतायत. त्याचा पाय गेला, म्हणून आपण काहीतरी भोगलं पाहिजे असं त्यांनी मनात धरलंय. भला माणूस, हट्टी माणूस. डोळ्यांनी पाहतील तेव्हा पटेल. शौकतभाईंचा दोस्त अफजल त्याच कॉलेजची दुसरी बस चालवायचा. शुक्रवारी सकाळी त्याच्या रिकाम्या बसमधून बापलेक निघाले. वळणाला लागताच अफजलनं बस कडेला घेऊन थांबवली, बंद केली, पन्नास पावलं मागं जाऊन रस्त्यावर झाडाच्या फांद्या आणि दगड मांडले आणि लाल गमछा घेऊन तिथंच उभा राहिला. महेजबीननं टेप लावून पाहिली. खडूचा चौकोन होता, तिथून बसच्या पुढच्या काचेपर्यंत अठ्ठ्याऐंशी मीटर.

"बसा, अब्बा. तुमच्या जागेवर."

शौकतभाई चौदा दिवसांनी स्टिअरिंगसमोर बसले. दोन्ही हात सवयीनं आपापल्या जागी गेले. महेजबीन त्यांच्या खांद्यामागं उभी राहिली, आपली मान त्यांच्या डोक्याच्या उंचीला आणली आणि समोर पाहिलं. हिरवा पडदा होता. सकाळच्या वाऱ्यात पाला हलत होता. त्यापलीकडचं तिला इंचभरही दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी रस्ता आज मोकळाच होता.

"काय दिसतंय, अब्बा?"

ते बराच वेळ पाहत राहिले. "पानं," ते म्हणाले.

"हां! पानंच ना?" महेजबीनचा जीव भांड्यात पडला. "अजून काय?"

"ट्रॉली."

"कुठंय ट्रॉली, अब्बा?"

"ती काय. पानाच्या मागं. कनसं भरल्यात वरपर्यंत." त्यांनी बोट केलं. बोट सरळ पाल्यात गेलं. "बन्सी बसलाय चाकापाशी. टोपी पडली त्याची. आत्ता मान वर केली बघ."

"अब्बा, हे त्यानं सांगितलंय तुम्हाला. घाटीत. तुम्ही पाहिलं नाही हे. आठवा ना, त्या दिवशी घरी येऊन तुम्ही काय म्हणालात?"

"म्हन्लो असंल." शौकतभाईंनी कपाळ पुसलं. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रयत्न दिसत होता आणि तो पाहवत नव्हता. "ते आता आठवतच नाय बघ. तू आकडा सांगितला त्या दिवशी रातीला मला आधी नुसती ट्रॉली दिसली. मंग घाटीतून आलो तवापासनं बन्सी बी दिसतो. रोज दिसतो. लई साफ दिसतो."

"अब्बा, माझा आकडा चुकीचा होता. मी चुकले. तुम्ही बरोबर होता."

"तू कशी चुकशील?" ते अगदी सहज म्हणाले. मग त्यांनी मान वळवून लेकीकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तक्रार नव्हती. फक्त एक कोडं पडलेलं होतं आणि ते सोडवायला त्यांच्या ओळखीत तिच्याएवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. "मला एकच सांग, बेटा. एवढ्या लांबून मला तो दिसत व्हता, तर मी ब्रेक का मारला नसंल?"

मागून अफजलनं शिट्टी घातली; ट्रक येत होता, आवरा म्हणत होता. महेजबीननं खाली पाहिलं. बस बंद होती, उभी होती, आणि शौकतभाईंनी उजव्या पायानं ब्रेक पार तळापर्यंत दाबून धरला होता.